वाड्याच्या जागी इमारत आली तर गल्लीतल्या गाड्यांचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात नारायण पेठेतल्या एका अरुंद गल्लीत साधारण चार गुंठ्यांचा जुना वाडा पाडून सहा मजली इमारत व्हायची आहे. वर अठरा सदनिका, त्यातल्या काही जुन्या भाडेकरूंना, आणि खाली चार-पाच दुकानं. गल्लीतले रहिवासी आणि व्यापारी दोघंही विरोधात आहेत, कारण आत्ताच गाडी लावायला जागा मिळत नाही. एक गट म्हणतो, परवानगी द्यायचीच असेल तर नियमापेक्षा दुप्पट पार्किंगची अट घाला. दुसरा म्हणतो, जागा महापालिकेनं ताब्यात घेऊन तिथे वाहनतळ बांधावा. प्रश्न विचारणाऱ्यांना रविवारच्या बैठकीत काय भूमिका घ्यावी हे ठरवायचं आहे.

मी नगररचनेच्या कामात आहे आणि पेठांमधले नकाशे बरेच हाताळले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन्ही मागण्या चुकीच्या दाराशी जात आहेत. तुमच्या गल्लीत जागेची टंचाई आहे ती रस्त्याच्या कडेला, आणि ती कडा आज फुकट आहे, तिला कोणी वाली नाही. ते तसंच ठेवून इमारतीत कितीही गाड्या कोंबल्या तरी गल्लीत फरक पडणार नाही. उलट दुप्पट पार्किंगच्या अटीनं गल्ली आणखी बिघडेल. का, ते हिशेबानं दाखवतो.

पेठेतला भूखंड कसा असतो हे तुम्हाला माहीत आहेच: तोंड लहान, पोट लांब. बारा मीटर रुंद आणि तेहतीस मीटर खोल धरू, म्हणजे सुमारे चारशे चौरस मीटर. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, डिसेंबर २०२० मध्ये आली. मध्यम आकाराच्या घरांसाठी तिचा ढोबळ हिशेब दोन सदनिकांमागे एक मोटार आणि दोन दुचाकी असा आहे. अठरा सदनिकांना नऊ मोटारी आणि अठरा दुचाकी. एका मोटारीची आखलेली चौकट अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पण मोटार आकाशातून उतरत नाही. तिला आत यायला, वळायला, मागे घ्यायला जागा लागते. दिल्लीच्या २०२१ च्या आराखड्यात हा हिशेब स्पष्ट मांडला आहे: एका मोटारीमागे उघड्यावर २३, इमारतीखाली २८ आणि तळघरात ३२ चौरस मीटर.

नऊ गुणिले अठ्ठावीस म्हणजे अडीचशे चौरस मीटर. त्यात दुचाकी, जिना, लिफ्ट, मीटरची खोली, पाण्याची टाकी मिळवा. बाजूच्या मोकळ्या जागा सोडून उरलेला तळमजला इथेच संपला. म्हणजे नियमाप्रमाणे पार्किंग दिलं तरी दुकानांना जेमतेम एक-दोन गाळ्यांपुरती जागा उरते.

आता दुप्पट करा. अठरा मोटारी तळघरात नेल्या तर पाचशे शहात्तर चौरस मीटर लागतात, आणि भूखंडच चारशेचा आहे. म्हणजे दोन तळघरं, किंवा यंत्रावर चालणारं पार्किंग. तळघरात जायला उतार हवा. एकास दहाचा उतार धरला तर तीन मीटर खाली उतरायला तीस मीटर लांबी जाते, आणि आपला भूखंड तेहतीस मीटर खोल आहे! मग मोटारीची लिफ्ट येते. लिफ्ट रिकामी होईपर्यंत पुढची गाडी कुठे थांबणार? गल्लीत. संध्याकाळी सातला तीन गाड्या एकदम आल्या की तुमच्या गल्लीचं काय होईल, ते नकाशात दिसत नाही.

खोदकामाचं वेगळं सांगायला हवं. पेठेत शेजारचा वाडा अनेकदा मातीच्या आणि पक्क्या विटांच्या मिश्र भिंतींवर उभा असतो, आणि त्या भिंती एकमेकींना लगटून असतात. सहा-सात मीटर खोल खड्डा शेजारी खणला की आधाराची व्यवस्था किती काटेकोर हवी याचा अंदाज कंत्राटदारालाही नेहमी असतो असं नाही. जमिनीखाली जुने आड सापडतात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणणारा जो नळ बांधला, त्याचे भाग आणि उसासे (नळात हवा खेळावी म्हणून ठेवलेली तोंडं) आजही पेठांच्या पोटात आहेत. खड्ड्यात पाणी लागलं की काम थांबतं. पावसाळ्यात थांबलेला खड्डा हा शेजाऱ्यांसाठी पार्किंगच्या टंचाईपेक्षा फार मोठा धोका आहे. दुप्पट पार्किंग मागणाऱ्या शेजाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या भिंतीलगत दोन मजले खोल खणायला तुम्ही लेखी संमती देणार का?

यंत्राच्या पार्किंगबद्दल माझं मत कठोर आहे. स्टॅक किंवा पझल पद्धतीचं, म्हणजे गाड्या पाटांवर एकीवर एक चढवणारं किंवा सरकवणारं यंत्र मंजुरीच्या नकाशात छान दिसतं, भोगवटा प्रमाणपत्राच्या दिवशी चालतंही. पण त्याला देखभालीचा करार लागतो, वीज लागते, चालवणारा माणूस लागतो. अठरा सदनिकांच्या सोसायटीत, ज्यात जुने भाडेकरूही आहेत, तो खर्च वर्षानुवर्षं कोण उचलणार? वरचा पाट एकदा अडकला की तो अडकलेलाच राहतो, आणि गाड्या बाहेर येतात.

आणखी एक गोष्ट बैठकीत सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बारा मीटरच्या दर्शनी भागासमोर रस्त्याच्या कडेला आज दोन मोटारी किंवा दहा-बारा दुचाकी उभ्या राहतात. इमारतीत पार्किंग आलं की चार मीटरचं फाटक आलं. फाटकासमोर कोणी गाडी लावू शकत नाही. फाटकाला लागून फूटपाथ उतरता होतो. म्हणजे नऊ खासगी जागांसाठी सार्वजनिक जागेतला मोठा तुकडा कायमचा गेला. गल्लीतले सगळे वाडे असेच एकेक करून नवे झाले की कडा जवळजवळ संपते, आणि जिथे पूर्वी ओटे, दुकानं आणि माणसं होती तिथे लोखंडी फाटकांची रांग उरते. पेठांमधल्या काही गल्ल्या आजच तशा झाल्या आहेत. रात्री चालताना कळतं.

दुसरी मागणी, वाहनतळाची. चारशे चौरस मीटरमध्ये उतार किंवा लिफ्ट धरून एका मजल्यावर बारा-चौदा मोटारी बसतील. चार मजले बांधले तरी पन्नास. त्यासाठी आरक्षण टाकायचं, भूसंपादन करायचं, मोबदला किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्यायचा, आणि भाडेकरूंना कुठे न्यायचं याचं उत्तर शोधायचं. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. त्याच्या संरक्षणाखालची कुटुंबं पार्किंगसाठी हलवणं हे कायद्यानं अवघड आणि माणुसकीनं त्याहून अवघड. दरम्यान वाडा तसाच उभा राहतो. दरवर्षी मे-जूनमध्ये महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि दरवर्षी पावसात कुठेतरी भिंत पडते. इमारत अडवण्याची किंमत आहे, आणि ती वाड्यात राहणारा माणूस देतो. शनिवारवाड्याजवळच्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. २०१० च्या कायदादुरुस्तीनं संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीनंच, असं झालं. तिथले कित्येक वाडे धड उभे नाहीत आणि धड पाडता येत नाहीत.

वाहनतळ आपल्याकडे नाहीतच असंही नाही. मंडईजवळ आर्यन आणि मिनर्व्हा आहेत, तुमच्याच पेठेत हमालवाडा आहे. तरी दुकानासमोर दुसऱ्या रांगेत गाडी का लागते? कारण वाहनतळात पैसे द्यावे लागतात आणि दोनशे पावलं चालावं लागतं, आणि दुकानासमोर फुकट. कोणीही हाच हिशेब करेल. यात लोकांच्या शिस्तीचा प्रश्न मला फारसा दिसत नाही, किमतीचा दिसतो.

मुंबईनं हा धडा फार महागात घेतला. १९९१ च्या तिथल्या नियमावलीत नंतर कलम ३३(२४) घातलं गेलं: बिल्डरनं सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला द्यावा, बदल्यात त्याला जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकाम. टॉवर उभे राहिले, त्यांच्या पोटात हजारो गाड्यांच्या जागा तयार झाल्या, आणि त्यातल्या कितीतरी रिकाम्या पडून राहिल्या. बाहेरच्या रस्त्यावर मात्र गाड्यांची रांग तशीच. शेवटी जुलै २०१९ मध्ये मुंबई महापालिकेला या वाहनतळांच्या पाचशे मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत, काही वाहनांना त्याहूनही जास्त दंड लावण्याची वेळ आली. जागा आधी बांधली, कडेचा विचार अकरा-बारा वर्षांनी आला. मधल्या काळात एफएसआय देऊन झाला होता, तो काही परत घेता येत नाही.

पुण्यानंही प्रयत्न केला होता. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, पण मूळ प्रस्तावाला इतकी कात्री लावून की ते प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं उरलं. रात्रीच्या पार्किंगचं शुल्क तर आधीच गळालं. पुढे ते पाच रस्तेही नीट सुरू झाले नाहीत. तेव्हाचा विरोध मला आठवतो. सगळे पक्ष एका सुरात होते: पुणेकरांवर भुर्दंड नको. त्याच सुमारास आरटीओच्या नोंदीत शहरातली वाहनं छत्तीस लाखांच्या पुढे गेली होती, म्हणजे माणसांपेक्षा वाहनं जास्त अशी बातमी सगळ्यांनी वाचली होती. (नोंदीतली प्रत्येक गाडी रस्त्यावर असतेच असं नाही, भंगारात गेलेल्याही त्यात मोजल्या जातात. तरी सूर खोटा नव्हता.) केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात तर सरळ लिहिलं आहे की पार्किंगचं शुल्क त्या जमिनीच्या खऱ्या किमतीला धरून असावं. तुमच्या गल्लीतल्या गाळ्याचं चौरस फुटाचं महिन्याचं भाडं तुम्हाला माहीत असेल. त्याला १३४ नं गुणा. एका मोटारीच्या चौकटीचे तेवढे चौरस फूट होतात. जो आकडा येईल तेवढं अनुदान आपण प्रत्येक उभ्या मोटारीला देतो आहोत, आणि ते वाड्यातला सायकलवाला भाडेकरूही भरतो.

आता व्यापाऱ्यांकडे येतो, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझ्याशी बोलताना त्यांचा मुद्दा असा असतो: लग्नाचा बस्ता बांधायला, दागिने घ्यायला येणारं कुटुंब कोथरूड-औंधाहून मोटारीनं येतं, सोबत आजी असते. त्यांना उतरायला जागा नाही मिळाली तर ते उपनगरातल्या शाखेत किंवा मॉलमध्ये जातात. हे खरं आहे. पण मग त्या कुटुंबाची जागा कोण अडवतो ते पाहायला हवं.

त्यासाठी एक मोजणी करावी लागते आणि ती तुम्ही स्वतः करू शकता. एक साधा मंगळवार आणि एक शनिवार घ्या. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला गल्लीची एक फेरी मारून कडेच्या प्रत्येक गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे वहीत टिपा. दुचाकी वेगळ्या, मोटारी वेगळ्या. मग एकदा रात्री अकराला. दोन कॉलेजची पोरं हे काम सहज करतात. वहीतून दोन गोष्टी कळतात: कोणती गाडी किती तास हलली नाही, आणि रात्री किती जागा रिकाम्या आहेत. अशा मोजण्यांमधून जे बहुतेक वेळा पुढे येतं ते व्यापारी संघटनेच्या बैठकीत सांगणं मला नेहमीच जड जातं. दुकानं उघडण्याच्या वेळी, गिऱ्हाईक यायच्या आधीच, कडा भरलेली असते. आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या दुकानमालकांच्या आणि नोकरांच्या असतात. सकाळी दहाला लावलेली मोटार रात्री आठला निघते. दहा तास. अर्ध्या तासाची खरेदी धरली तर त्या एका जागेत वीस गिऱ्हाइकं येऊन गेली असती. त्याच जागेत मोटारीऐवजी पाच दुचाकी लावल्या असत्या तर शंभर. पुण्यातलं बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवर येतं, आणि पेठेत तर चालत येणारंही कमी नाही.

दिवाळीआधीच्या रविवारी लक्ष्मी रस्त्यावर मोटार शिरत नाही, तरी दुकानात पाय ठेवायला जागा नसते. महापालिका दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते, २०२१ पासून. त्या दिवशीच्या विक्रीबद्दल व्यापाऱ्यांमध्ये दोन मतं आहेत, आणि एका दिवसाच्या जत्रेवरून मी तरी कुठला निष्कर्ष काढणार नाही. पण गर्दी आणि मोटार या एकच गोष्टी आहेत हा समज मात्र त्या रस्त्यानं केव्हाच खोटा पाडला आहे.

रहिवाशांची भीतीही निराधार नाही. नव्या इमारतीत येणारी कुटुंबं मोटार घेऊन येतील. इमारतीत नऊ जागा आणि गाड्या पंधरा झाल्या तर सहा गल्लीत येणार, हे अंकगणित कोणी नाकारू शकत नाही. इथे परदेशातले दाखले अर्धवट दिले जातात म्हणून थोडं थांबतो. अमेरिकेतल्या बफेलो शहरानं २०१७ मध्ये इमारतींवरची किमान पार्किंगची सक्ती काढून टाकली, मेक्सिको सिटीनंही त्याच वर्षी. कॅलिफोर्नियात २०२३ पासून मोठ्या सार्वजनिक वाहतुकीच्या थांब्यापासून अर्ध्या मैलाच्या आत बहुतेक नव्या बांधकामांना ही सक्ती लावता येत नाही. तिथल्याच बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या मराठी मंडळींनी मेन्लो पार्कमधला वाद पाहिला असेल: शहराच्याच मालकीच्या बाजारपेठेतल्या तीन वाहनतळांवर किमान ३४५ परवडणारी घरं बांधायचा प्रस्ताव, आणि दुकानदारांचा विरोध. शब्द ऐकले तर तुमच्या गल्लीतलेच वाटतील. पण त्या शहरांत आणि आपल्यात एक फरक आहे. तिथे रस्त्याची कडा आखलेली असते, वेळेची मर्यादा असते आणि चिठ्ठी फाडणारा माणूस रोज येतो. ते नसताना आपण किमान सक्ती काढली तर बिल्डरचे पैसे वाचतील आणि गाड्या गल्लीत येतील. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कडा, मग सक्ती.

लंडनच्या कॅम्डेन भागात नव्या इमारतींना परवानगी देताना एक अट घालतात. इमारतीत मोटारींना जागा नसली तरी चालेल, पण तिथल्या रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचा परवाना मिळणार नाही. घर घेणाऱ्याला हे आधीच माहीत असतं. ज्याला दोन मोटारी हव्यात तो तिथे घर घेत नाही. तुमच्या गल्लीला दुप्पट तळघरापेक्षा ही अट कितीतरी जास्त उपयोगाची आहे. अडचण एवढीच की आपल्याकडे रस्त्यावरच्या पार्किंगचा रहिवासी परवाना अशी चीजच नाही, त्यामुळे नाकारायलाही काही नाही. ती पद्धत आणायची मागणी गल्लीतल्या जुन्या रहिवाशांनी स्वतः करायला हवी. त्यांचाच त्यात फायदा आहे. परवाना आज राहणाऱ्यांना मिळेल, नव्यांना नाही.

२०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी पार्किंगच्या जागेचा पुरावा नसेल तर नव्या मोटारीची नोंदणी नाही, असा विचार मांडला. जपानमध्ये असा कायदा १९६२ पासून आहे. मोटार घेणाऱ्याला घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा असल्याचा दाखला लागतो आणि तो पोलीस देतात. कल्पना मला आवडते. पण जपानमध्ये रस्त्यावर रात्रभर गाडी ठेवायला मुळात बंदी आहे, म्हणून त्या दाखल्याला अर्थ आहे. इथे स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, एकाच जागेवर चार दाखले निघतील, आणि गाडी रात्री नेहमीच्या ठिकाणी लागेल.

इमारतीच्या आतल्या जागेचं वाटपही बैठकीत बोलायला हवं. स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला सदनिकेसारखी स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. ती सोसायटीची सामाईक जागा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप आणि त्यासाठी शुल्क आकारण्याची तरतूद आहे. मग नऊ जागा दरवर्षी भाड्यानं द्या, दर चांगला ठेवा, पैसे सोसायटीच्या देखभाल निधीत टाका. ज्याच्याकडे गाडी नाही त्याचं मासिक शुल्क कमी होईल. यासाठी कुठला कायदा बदलावा लागत नाही. माझा अनुभव असा आहे की पार्किंगला महिन्याचा ठसठशीत आकडा लागला की दुसरी मोटार घ्यायचा विचार दोन वर्षं पुढे जातो.

मेट्रोचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तो अतिउत्साहानं मांडला जातो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं पेठांच्या अगदी मध्यात आहेत. नारायण पेठेतून मंडई स्थानक चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण कोणत्या फूटपाथवरून? मधल्या रस्त्यांवर फूटपाथवर दुचाकी, दुकानाचे पुतळे, जाहिरातीचे फलक. स्थानकं भुयारात आणि वर चालायला जागा नाही, ही अवस्था असेपर्यंत ‘मेट्रो आली, आता गाडी कशाला’ असं आजोबांना सांगणं बरं दिसत नाही.

तर रविवारी काय मागायचं? एक गोष्ट आधी समजून घ्या. नियमात बसणाऱ्या बांधकामाला शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. हरकती मागवल्या जातात त्या विकास आराखडा बनताना, किंवा नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली नियमात अथवा आरक्षणात फेरबदल करताना. ‘दुप्पट पार्किंगशिवाय परवानगी देऊ नका’ असा ठराव करून पाठवलात तर बांधकाम विभागातला अभियंता तो नम्रपणे फाईलला लावेल. बस. इमारतीपुरतं बोलायचंच तर मालक आणि विकसकाशी बोला, आणि तीन गोष्टी लेखी घ्या: तळमजल्याची दर्शनी बाजू दुकानांची राहील, फाटक एकच आणि अरुंद असेल, आणि खोदकामाआधी शेजारच्या भिंतींची फोटोंसह पाहणी होऊन तिची प्रत शेजाऱ्यांना मिळेल. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात स्वस्त. भोगवटा प्रमाणपत्रानंतर स्टिल्टमध्ये गोदाम झालं तर तक्रार करायला मात्र कचरू नका. पेठांमध्ये मंजूर नकाशातलं पार्किंग आणि प्रत्यक्षातला कापडाच्या गठ्ठ्यांचा ढीग यांची गाठ फार जुनी आहे. विरोध करणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी एखाद्याच्या स्वतःच्या इमारतीतही डोकावून यायला हरकत नाही.

गल्लीपुरती मागणी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे आणि वाहतूक पोलिसांकडे करा. पुण्यात २००६ पासून नागरिकांनी अंदाजपत्रकासाठी कामं सुचवण्याची सोय आहे, तिचा उपयोग करा; रंगाचे पट्टे आणि फलक यांना काही कोटी लागत नाहीत. दोन दुकानांसमोर पंधरा मिनिटांची उतरण्याची जागा, आजीसाठी. दुचाकींच्या आखलेल्या चौकटी दर्शनी भागात, मोटारी गल्लीच्या टोकाला. मालाच्या टेम्पोला सकाळी दहाच्या आधीची वेळ, कारण तो दुपारी बाराला आला की वीस मिनिटं सगळेच अडकतात. व्यापारी पैशाच्या पार्किंगला तयार झाले तर त्यांना सांगा, शुल्क दिवसभर सारखं नको. संध्याकाळी जास्त, दुपारी कमी. डोनाल्ड शूप या अमेरिकन प्राध्यापकानं यावर आयुष्य घालवलं. त्याचा साधा ठोकताळा असा की दर असा ठेवा की सातांतली एक जागा कायम रिकामी दिसेल. सॅन फ्रान्सिस्कोनं २०११ पासून दर मागणीनुसार वर-खाली करून तो रस्त्यावर आजमावला. सातात एक रिकामी असली की कोणी गल्लीला चार चकरा मारत नाही.

आणि मोजणीच्या वहीत आणखी एक रकाना करा: ज्या गाड्यांवर धुळीचा थर आहे, टायर बसलेत, त्यांचा. बेवारस वाहनं उचलण्याची महापालिकेची पद्धत आहे; गाडीवर नोटीस चिकटवतात, मुदत देतात आणि मग उचलून नेतात. त्यासोबत दुकानदारांनी जागा धरून ठेवायला मांडलेल्या कुंड्या, सिमेंटचे ठोकळे आणि ‘येथे वाहन लावू नये, हवा सोडली जाईल’ असे घरगुती फलकही टिपा. या दोन रकान्यांत किती मीटर कडा सापडते ते रविवारी सगळ्यांसमोर वाचून दाखवा, आणि मगच नव्या इमारतीचा विषय काढा.